सुदामभाऊंचं चोरीचं सॉफ्टवेअर

फ्लेक्सच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं, कुणाचा दहावा, सगळे आधी आमच्याकडेच येतात. मी कुसगावला सुदामभाऊंच्या दुकानात डिझाईन करते. इतक्या वर्षांत इतकं साठलंय की मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "वैशाली, सांग ना काहीतरी!" पण हल्ली सगळ्यांना एकच ऐकायचं असतं. भाऊंना पोलीस का घेऊन गेले होते?

आता सुरुवातीपासूनच सांगते.

*

सुदामभाऊ टाकवे बुद्रुकचे. शेती भावाकडे दिली आणि हे दुकान टाकलं. पहिला काँप्युटर घेतला तेव्हा विकणाऱ्या माणसानं डिझाईनचं सॉफ्टवेअर, शंभरेक मराठी फॉन्ट, सगळं भरूनच दिलं.

भाऊंनी विचारलं, "ह्याचं बिल?"

तो म्हणाला, "भाऊ, बिल मागाल तर काँप्युटरपेक्षा सॉफ्टवेअर महाग पडेल!"

भाऊंना वाटलं, माणूस गमत्या आहे. मला कौतुकानं सांगायचे, "भाजी घेतली की कोथिंबीर वरून देत्यात, तसं दिलं बघ त्यानं."

ही कोथिंबीर पुढे लय महागात पडायची होती!

*

सॉफ्टवेअर चोरीचं आहे हे त्या सॉफ्टवेअरलासुद्धा माहीत होतं. अधूनमधून स्क्रीनवर एक पट्टी यायची, ‘हे अस्सल नाही’ अशा अर्थाची. मी ती बंद करायचे आणि पुढं कामाला लागायचे.

एकदा एक तरुण नेते वाढदिवसाचा बॅनर करायला आले. पांढरे कपडे, काळा गॉगल, हात जोडलेला फोटो. मी फोटो मोठा करून मधोमध लावला, आणि नेमकी त्याच वेळी ती पट्टी आली. बरोबर फोटोच्या खाली!

साहेब खुर्ची ओढून पुढे आले. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं.

"हे अस्सल नाही, असं माझ्या फोटोखाली का येतंय?"

भाऊ घाईघाईनं म्हणाले, "सायेब, ते तुमच्याबद्दल न्हाई, आमच्याबद्दल हाय!"

*

मग एक दिवस सकाळी छापा पडला. सॉफ्टवेअरच्या कंपनीची दोन माणसं, बरोबर पोलीस. कंपनीच्या माणसांतला एक आदल्या आठवड्यात गिऱ्हाईक म्हणून येऊन गेला होता. मीच त्याला चहा पाजला होता.

दुकानात तेव्हा एक कुटुंब बसलेलं. आजी गेलेल्या, दुसऱ्या दिवशी दहावा. श्रद्धांजलीचा बॅनर स्क्रीनवर तयार होता, फक्त छापायचा बाकी. आजींचा मुलगा हात जोडून म्हणाला, "साहेब, एवढा होऊ द्या."

पोलीस साहेबांनी टोपी काढली आणि मला म्हणाले, "आधी ह्यांचं छापा. मग बंद करा."

कंपनीचा माणूस कुजबुजला, "सर, पण ते त्याच सॉफ्टवेअरवर केलंय. अस्सल नाही ते."

साहेब म्हणाले, "मयत तर अस्सल आहे ना?"

बॅनर छापून झाला. मग काँप्युटर सील झाले, पंचनामा झाला आणि भाऊंना गाडीत बसवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, शटर नीट ओढ. अर्ध्यावर अडकतंय."

*

भाऊंना दुसऱ्या दिवशी कोर्टातून जामीन मिळाला. पण तोवर बातमी टाकव्यात पोचली होती. अडचण अशी की भाऊंनी नेमकं काय चोरलं हे गावात कुणाला सांगता येईना. सॉफ्टवेअर म्हटलं तर कुणाचा विश्वास बसेना. मग ज्यानं त्यानं आपापल्या परीनं चोरी ठरवली. कुणी म्हणालं विहिरीवरची मोटर, कुणी म्हणालं तांब्याची केबल.

भाऊंच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

भाऊ ओसरीवर बसून होते. जेवायला उठत नव्हते. शेवटी ती पोरगीच म्हणाली, "आबा, विचारायच्या आधीच पळाले ते. असल्या घरात मला द्यायला निघाला होता व्हय?"

तेव्हा कुठं ते उठले आणि हात धुवून ताटावर बसले.

*

वकिलांनी सांगितलं की गुन्हा शाबीत झाला तर कमीत कमी सात दिवस कैद, जास्तीत जास्त तीन वर्षं, वर दंड. भाऊंची बायको, शांतामावशी, लगेच पुढं सरसावल्या.

"वकीलसायेब, माजी कोंबडी कुनी नेली तर माजी कोंबडी कमी व्हती. म्हून ती चोरी. ह्या कंपनीची कोंबडी तर तितंच हाय की! मंग कसली चोरी?"

वकील हसले. म्हणाले, "मावशी, कोंबडी तिथंच आहे, पण रोज अंडी तुम्ही खाताय ना!"

मावशींनी पदर खोचला. म्हणाल्या, "बरं, अंडी खाल्ली. त्या अंड्याचं पैसं मागा, दंड मागा. पन अंड्यापायी मानूस तीन वर्सं आत?"

वकील कागद चाळायला लागले. कुणीतरी डोकं घालून ते सॉफ्टवेअर बनवलंय, त्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, हे मला पटतं. पण खटला अजून उभासुद्धा राहिला नव्हता, आणि भाऊंचं दुकान, नाव आणि झोप तिन्ही जाऊन बसली होती. ही शिक्षा कुठल्या कलमात येते?

*

काँप्युटर सील होऊन पोलीस ठाण्यात पडलेले, आणि पावसाळ्याची गर्दी सुरू झाली. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे मुंगीला वाट मिळत नाही. धरणावरच्या धोक्याच्या सूचनांचे बोर्ड दरवर्षी आमच्याकडूनच जायचे. एका शुक्रवारी हवालदार आले.

"भाऊ, तो ‘खोल पाणी, पुढे जाऊ नये’वाला बोर्ड फाटलाय. उद्या गर्दी होणार. फाईल तयारच आहे ना तुमच्याकडं? लगेच छापून द्या."

भाऊ म्हणाले, "फाईल हाय की."

"मग कुठाय?"

"तुमच्याकडंच. सील करून ठिवलीया."

हवालदारांनी दुकानात इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाले, "ब्रश आहे का?"

तो पावसाळा धरणावर भाऊंनी हातानं लिहिलेला बोर्ड होता. आणि एरवीपेक्षा लोक तो जास्त वाचत होते, असं हवालदारच सांगत होते.

*

अखेर समझोता झाला. भाऊंनी नुकसानभरपाई द्यायची, सॉफ्टवेअर रीतसर घ्यायचं आणि कंपनीनं तक्रार मागे घ्यायची. त्यासाठी वकिलांनी मुंबईला हायकोर्टाच्या बऱ्याच खेपा केल्या. काँप्युटर परत आले. एक चालूच झाला नाही. उघडला तर आत पालीची अंडी!

कंपनीचा माणूस स्वतः सॉफ्टवेअर चालू करून द्यायला आला. तसा भला होता बिचारा, नोकरी करत होता. भाऊंनी त्यालाही चहा पाजला आणि विचारलं, "आता हे कायमचं आमचं ना?"

"नाही भाऊ. दर महिन्याला पैसे भरायचे. थांबवलं की बंद."

"म्हंजे भाड्यानं?"

"तसंच म्हणा."

भाऊंनी कप खाली ठेवला. "काय राव! चोरीचं हुतं तवा कायमचं हुतं. आता विकत घेतलं तर आपलं न्हाई!"

*

पण ह्या सगळ्यात भारी किस्सा घडला तो केस मिटल्यावर.

वकिलांनी जाता जाता विचारलं, "भाऊ, सॉफ्टवेअरचं निस्तरलं. फॉन्ट कुणाचे?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. तेही कोथिंबिरीतलेच! जो फॉन्ट आम्ही सगळ्यात जास्त वापरायचो, त्याच्या माहितीत मी शोधलं, तर बनवणाऱ्याचं नाव निघालं. मुलाणी सर, तळेगाव. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. परदेशातली नव्हे, आपल्याच मावळ तालुक्यातली चोरी!

भाऊ म्हणाले, "पोलीस यायच्या आधी आपनच जाऊ."

मोटरसायकलवर बसून गेलो. सरांनी दार उघडलं, बसायला सांगितलं. भाऊंनी टोपी हातात घेतली.

"सर, आमी तुमचा फॉन्ट चोरून वापरला. दुसऱ्यानं दिला म्हून वापरला, पन चोरीच ती. काय शिक्षा द्याल ती मान्य."

सर म्हणाले, "कुठला फॉन्ट?"

"नाव म्हाईत न्हाई. आमी त्याला लग्न-दोन म्हन्तो."

"लग्न-दोन?" सरांनी चष्मा काढला. "अहो, त्याचं नाव ‘सायरा’ आहे!"

तेवढ्यात आतून एक बाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "मीच ती."

भाऊ ताडकन उभे राहिले. आणि त्यांच्याच घरात त्यांनाच म्हणाले, "बसा वहिनी, बसा."

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरात दोनदा लिहिलं, ‘मावळ’, ‘मावळ’.

"हा वरचा ळ बघा. पहिल्या खेपेला माझा चुकला होता. उजवी वाटी खाली घसरलीय. नंतर मी बसून सुधारला, तो हा खालचा. पण तुमच्या त्या माणसानं माझा पहिला, कच्चा फॉन्ट उचलला आणि तालुकाभर वाटला." सरांचा आवाज चढला. "घराबाहेर पडलो की चौकाचौकात माझी चूक टांगलेली! मावळची शान, मावळचा वाघ, मावळचं नेतृत्व! ‘मावळ’ न लिहिता तुम्हाला एक फ्लेक्स करता येत नाही का हो? पैसे बुडाले त्याचं एवढं नाही. पण चोरायचाच होता, तर दुरुस्त केलेला तरी चोरायचा!"

भाऊ मान खाली घालून त्या कागदाकडे बघत राहिले. मीही बघितलं. खरंच, वरचा ळ एका पायानं लंगडत होता. आणि एवढ्या वर्षांत माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

वहिनींनी कपबशा खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि कागद उचलून उजेडात धरला. नीट पाहिला. मग सरांकडे वळून म्हणाल्या,

"म्हणजे इतकी वर्षं मी अख्ख्या तालुक्यात लंगडत फिरतेय, आणि तुम्ही मला हे आज सांगताय?"