वारज्यातला पानाचा डबा

निवृत्त होऊन काही वर्षे झाली. खून-दरोड्यांचे तपशील आता आठवावे लागतात, पण एका पितळी पानाच्या डब्याचा तपास काही डोक्यातून जात नाही. त्या तपासात मी एका निरपराध बाईला दोन तास स्टुलावर बसवून ठेवले होते, म्हणूनही असेल.

एका सकाळी वारज्यातल्या सोसायटीच्या वॉचमनचा ठाण्यात फोन आला. "साहेब, हितं एका घरात भुताचा डबा हाय. उद्या बाबा येणार, कामवाल्या बाईकडनं कबूल करून घेणार म्हणत्यात. तिला चटके-बिटके दिले तर माझ्यावर नको." लोक पोलिसांना फोन करतात ते बहुधा या शेवटच्या वाक्यासाठीच.

आम्ही लगेच गेलो. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात नवरा-बायको, दोघेही खराडीला नोकरीला, आणि नवऱ्याचे ऐंशीच्या घरातले वडील. पत्नी वारल्यावर ते नारायण पेठेतून मुलाकडे राहायला आले होते. येताना पत्नीचा पानाचा डबा घेऊन आले. तो त्यांच्याच खोलीत कपाटावर असे. नातवाने कॉलेजच्या मित्रांना जमवून त्या डब्यावर एक भुताचा सिनेमा केला होता. एक कुटुंब आणि आपोआप झाकण उघडणारा झपाटलेला डबा, अशी गोष्ट. पंधरा दिवस घरात शूटिंग चालले. मग नातू नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि महिन्याभरात डब्याचे झाकण खरोखरच उघडू लागले.

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, सर," सून म्हणाली. "पण तीनदा डोळ्यांसमोर उघडलं, त्याला काय करू?"

विश्वास नसतानाही तिने बाबाला फोन केला होता. बाबाने फोनवरच निदान केले की ही बाहेरून येणाऱ्या बाईची करणी. बाहेरून येणारी बाई एकच, यवतमाळकडून आलेली, घरकाम करणारी. सोसायटीतली तिची चारही कामे बंद झाली होती.

बाबाला मी फोनवर जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव ऐकवले. त्यानंतर त्याचा नंबर लागलाच नाही. पण झाकण कोण उघडते ते कळल्याशिवाय त्या बाईच्या मागचे शुक्लकाष्ठ सुटणार नव्हते. पंचनामा केला, डबा ताब्यात घेतला, नवरा-बायकोचे, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. आजोबांना मात्र म्हणालो, "आपण बसा, आपल्याला कशाला त्रास?" ते म्हणाले, "डबा जपून न्या. बिजागरी सैल आहे."

ठाण्यात डब्याला कोणी हात लावेना. मुद्देमाल कारकुनाने खोलीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. मी ती काढायला लावली, तर दुसऱ्या दिवशी परत तिथेच.

मग बाईची चौकशी. घरच्यांना घाबरवून काही लंपास करायचा बेत असेल, असे मी मनाशी धरूनच बसलो होतो. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला.

"मी कायले करीन साहेब असं?" ती रडत म्हणाली. "चारही घरचं काम गेलं. माही पोरगी दहावीले हाय. गावी जा लागलं तं तिची शाळा सुटते."

शेजारी बसलेली आमची महिला शिपाई जबाब चाळत होती. ती हळूच म्हणाली, "सर, झाकण तिन्ही वेळा रविवारी उघडलंय. रविवारी या कामाला येतच नाहीत."

कागद माझ्याच टेबलावर होते आणि माझ्याच लक्षात आले नव्हते. बाईला पाणी दिले, घरी सोडले. मग तो सिनेमा मोबाइलवर पाहिला आणि त्याचा कॅमेरा सांभाळणाऱ्या, नातवाच्या मित्राला फोन लावला.

"एकदम सिम्पल, सर. मासे पकडायचं तंगूस असतं ना, ते झाकणाला बांधलं. कॅमेऱ्यात दिसतच नाही. दुसरं टोक आजोबा पलंगावरून ओढायचे. टायमिंग भारी होतं त्यांचं!"

दुपारी डबा घेऊन मी आजोबांकडे गेलो. ते एकटेच होते.

"या. जबाब द्यायला वयाची अट असते की काय, असं वाटायला लागलं होतं," म्हणत त्यांनी उशीखालून तंगूस काढून माझ्यापुढे ठेवले. "शूटिंगच्या वेळी या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पोरं म्हणायची, आजोबा, अजून एक टेक. पोरं गेली, मग कोणी येईना. रविवारीसुद्धा हे दोघं आपापल्या मोबाइलमध्ये. झाकण उघडलं की धावत येतात. मागच्या वेळी मुलगा माझा हात धरून बसला होता."

"आणि त्या बाई?" माझा आवाज चढला.

"आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. खरं कळलं तर मुलगा परत या खोलीत यायचा नाही, ही भीती."

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटले.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांना जमवले. बाईलाही बोलावून घेतले. आजोबांनी उभे राहून सगळे स्वतः सांगितले. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मी सगळ्यांदेखत बाईची माफी मागितली, मग आजोबांनी तिच्यापुढे हात जोडले.

"हाक मारायची ना, आजोबा," ती म्हणाली. "मी तं रोजच येत होती तुमच्या खोलीत."

तिची कामे तिला परत मिळाली. माझ्यापुरते सांगायचे तर, त्यानंतर कोणाच्या घरी तपासाला गेलो तर म्हाताऱ्या माणसाचा जबाब आधी घेत असे. तरीही तिचे ते वाक्य मला अजून टोचते. दोन तास मी तिचा जबाब घेतला, पण त्यात ते कुठेच आले नाही, कारण आजोबांबद्दल मी तिला काही विचारलेच नव्हते.