धुक्यात आधीच वाजलेला बँड

नवरदेवाची गाडी चालवायचा मान मला मिळाला आणि पहिल्या अर्ध्या तासातच मी अख्खं वऱ्हाड एका गोठ्यात नेऊन उभं केलं... सुरुवात इथूनच करतो. पुढच्या गोष्टीवर तुम्ही विश्वास ठेवाल न ठेवाल, हिच्यावर नक्की ठेवाल.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचं, अमोलचं लग्न होतं. नवरी देवगाव रंगारीची. पुंडलिकनगरातून सकाळी सातला निघालो. पुढं माझी फुलांनी सजवलेली गाडी — शेजारी बायको संगीता, मागच्या सीटवर अमोल आणि त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का. आमच्यामागं वऱ्हाडाची मिनीबस आणि शेवटी बँडवाल्यांचा टेम्पो. पडेगाव सोडलं आणि धुकं असं उतरलं की बॉनेटवरचा हार दिसेना. अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच मी केलं — पुढच्या गाडीचा लाल दिवा धरला आणि मागोमाग निघालो. दिवा वळला, मी वळलो. बस वळली, टेम्पो वळला. दिवा थांबला तेव्हा कळलं, ती दुधाची गाडी होती आणि ती आपल्या घरी पोचली होती. तोंडात ब्रश धरून एक माणूस बाहेर आला. त्यानं नवरदेवाकडं बघितलं, मग म्हशींकडं.

"पाव्हणं, लगीन हितंच लावायचंय का?"

तिथून पुढं अक्का माझ्या ड्रायव्हिंगवर जे बोलायला लागली ते काही थांबेना.

आता माझ्याबद्दल थोडं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या घरात मुहूर्त नाही, नजर नाही, भूत तर नाहीच. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी फ्रेम केलेल्या बावीस प्रतिज्ञा. कुणी झपाटल्याची गोष्ट सांगायला आलं की मी चहा पाजून त्याला ध्वनी आणि प्रकाश हे दोन्ही धडे ऐकवतो. हल्ली लोक चहालासुद्धा येत नाहीत.

तर कसाबखेडा मागं पडलं होतं. या खेपेला पुढं कुणाचाच दिवा नव्हता. मी काच खाली करून, मान बाहेर काढून, रस्त्याची पांढरी पट्टी बघत चाललो होतो. वेग तीसच्या आसपास... आणि समोरून बँड ऐकू आला.

अगदी स्पष्ट. ढोल, झांजा, वर ट्रम्पेट. वरातीत वाजतं तसलंच नाचायचं गाणं. दुसऱ्या कडव्यात ट्रम्पेट वर चढला आणि तिथंच त्याचा सूर चर्रकन फाटला. मला वाटलं, समोर कुणाची तरी वरात रस्त्यात आहे, आता माणसं चाकाखाली येतील. मी करकचून ब्रेक मारला आणि चारही इंडिकेटर लावले. मागं बस थांबली, टेम्पो थांबला.

अक्का म्हणाली, "आता कुणाच्या गोठ्यात आणलंस, बाबा?"

इंजिन बंद केलं. बँडही बंद. कुठं काही नाही... धुक्याचं पाणी झाडावरून टपटपत होतं, तेवढंच. मी हात पुढं करून चालायला लागलो. दहा पावलं झाली असतील आणि हाताला पाचट लागलं.

उसाची ट्रॉली. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी पडलेली. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. तीसच्या वेगात आम्ही तिच्यात घुसलो असतो आणि मागून मिनीबस आमच्यात. दर हिवाळ्यात पेपरात हीच बातमी असते. गावाचं नाव तेवढं बदलतं आणि शेवटच्या ओळीत येतं, 'लग्नाला निघाले होते.'

तेवढ्यात उसाखालून आवाज आला. "कोन हाय? पाय अडकलाय, साहेब..."

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. कमरेपासून खाली मोळ्यांखाली. म्हणजे दोन्हीकडून येणारी कुठलीही गाडी आता त्याच्याच अंगावर येणार होती. मोबाईलचे टॉर्च लावून बघितले, चार हातांवर उजेड संपत होता. लांबून ट्रकचा हॉर्न आला. कुठल्या बाजूनं, तेही कळेना.

प्रकाशाचं काही चालत नाही म्हटल्यावर मास्तरला ध्वनी आठवला. मी पळत टेम्पोकडं गेलो. बँडमास्टर बब्बूभाई नुकते खाली उतरत होते. पुढं वरात नव्हती, म्हणजे मघाशी आपलाच बँड वाजला असणार असं मी धरलं होतं. त्यांना म्हटलं, मघाशी वाजवत होता तेच वाजवा, निम्मे या बाजूला, निम्मे ट्रॉलीच्या पलीकडं, जेवढं जोरात वाजेल तेवढं.

त्यांनी टेम्पोतल्या वाद्यांकडं बोट केलं. "हमने कब बजाया, सर? बाजे तो अभी गिलाफ में हैं."

खरंच होतं. एकाही वाद्याची खोळ निघालेली नव्हती. पण विचार करायला वेळ कुणाला होता! खोळी निघाल्या. चौघं शेतातून वळसा घालून पलीकडं गेले, बाकीचे बसच्या मागं लांबवर जाऊन उभे राहिले, आणि वाजलं... असं वाजलं की वरातीतसुद्धा कधी वाजलं नसेल. समोरचा ट्रक पन्नास फुटांवर थांबला. त्याच्यामागं एसटी थांबली. मागून दोन जीप आल्या, त्याही थांबल्या. वरात समजून एक-एक जण काच खाली करत होता, वेग कमी करत होता. धुक्यात दिवा दिसत नाही, पण आपल्याकडं बँडसाठी थांबत नाही असा ड्रायव्हर नाही.

इकडं पांढऱ्या शेरवानीतला नवरदेव मोळ्या उचलत होता. अक्का आधी "कपडे, अरे कपडे" म्हणून ओरडली, मग तिनंच पदर खोचला आणि मोळीला हात घातला. एसटीतली माणसं उतरली, कंडक्टर उतरला. मोळ्यांची साखळी लागली. वीस मिनिटांत ड्रायव्हर बाहेर! पाय मोडला होता, माणूस शाबूत होता. तो बाहेर आला तेव्हा एसटीतल्या एका म्हातारबांनी टोपी उडवली आणि सगळा रस्ता नाचायला लागला. माझी बहीणसुद्धा. मीही नाचलो, त्याचा व्हिडिओ आहे, तो विषय नको.

मोळ्या उचलायला गेलेला ट्रम्पेटवाला आता कुठं वाजवायला लागला होता. नाचता नाचताच माझे पाय थांबले. दुसऱ्या कडव्यात ट्रम्पेट वर चढला आणि फाटला. तिथंच. तस्साच.

नंतर मी त्या ट्रम्पेटवाल्याला विचारलं. बिचारा शरमला. "ठंड में होटां अकड़ गए, सर. सुबू से पहली बार मुंह को लगाया."

ड्रायव्हरला ट्रकवाल्यानं दवाखान्यात पोचवलं. आम्ही देवगावला दोन तास उशिरा पोचलो. पण बातमी आधीच पोचली होती, आणि वेशीवर अख्खा गाव उभा होता. चिखलानं माखलेल्या शेरवानीत अमोलनं हार घातला. नवरी म्हणाली म्हणे, धुतलेला नवरदेव कुणालाही मिळतो.

मी नंतर चौकशी केली. आसपासच्या कुठल्याच वस्तीवर त्या सकाळी लग्न नव्हतं, बँड नव्हता, डीजे नव्हता. ड्रायव्हरनंही काही ऐकलं नव्हतं. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं — घाबरल्यावर मेंदू गडबड करतो, नंतर ऐकलेलं आधी ऐकल्यासारखं वाटतं. शाळेत सहकाऱ्यांनाही तसंच सांगितलं. पंधरा दिवस हे उत्तर टिकलं. मग एका संध्याकाळी भाजी निवडताना मी ते संगीताला ऐकवलं.

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाली, "मला तर तो बँड कसाबखेड्यापासूनच ऐकू येत होता. थांबा म्हणले असते तर तुमी कारण विचारत बसला असता. म्हणून मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते."