आधी नवरा आत

भोर संस्थानात बाप्यामाणसाला घाम फोडणारे दोनच जण होते, एक फौजदार आणि दुसरे आमचे साडू. त्यातून फौजदारापुढे खोटं बोलायची सोय तरी होती. साडू डॉक्टर आणि मी शाळामास्तर. शाळा सुटली की मी त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसे आणि घरी गेल्यावर बायकोला तिच्या बहिणीच्या नवऱ्याचे नवे प्रताप ऐकवी. हा गृहस्थ पावसात छत्री काखेत मारून स्वतः भिजत जाई, पण आपल्या सूक्ष्मदर्शकाला मात्र तान्ह्या मुलाचं दुपटं पांघरी. त्यांच्याच पोरांपैकी कुणाचं तरी असेल, असं मी धरून चाललो होतो.

मूल होत नाही म्हणून जोडपं आलं की त्यांचा एकच हुकूम, आधी नवरा आत. तेव्हाची रीत म्हणजे बाईला काढे, अंगारे, नवस आणि शेवटी सवत. नवऱ्याला तपासायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. असं जोडपं आलं की साडू एका धनगराला मेंढा घेऊन बोलावत. दवाखान्याच्या दारात मेंढा बांधलेला दिसला की सगळी पेठ ओळखे, कुणाचा तरी नवरा आत आहे.

हिर्डोशीचा एक गडी मला आठवतो. मुंबईच्या गोदीत चार वर्षं राबून आलेला. बायको बाकावर पदर चावत बसली होती आणि तिची सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलत होती, "वरवे गावची पोरगी बगून ठिवलीया. डाक्टर न्हाई म्हनला की सुपारी फोडायची."

साडूंनी गड्याला आत घेतलं आणि कंदील धरायला मला.

"मुंबईत बाहेरच्या बायकांकडे जात होतास? परमा झाला होता?"

"झालता," तो खाली बघत म्हणाला. "वैदूनं बरा केला. आता काय बी न्हाई."

साडूंनी त्याला सूक्ष्मदर्शकातून आधी मेंढ्याच्या वीर्याचा थेंब दाखवला. "लई वळवळतंय," म्हणून तो हसला. मग त्याचा स्वतःचा दाखवला. तो बराच वेळ डोळा लावून होता.

"हितं कोन बी न्हाई, सायेब."

"परमा गेला, पण जाताना वाट बुजवून गेला. सगळ्यांचं असं होत नाही, तुझं झालंय. विहिरीत पाणी आहे, पाटात गाळ बसलाय. मग वाफ्याला शिव्या कशाला द्यायच्या?"

"गाळ निगंल?"

"माझ्या हातून नाही. बाहेर मी सांगू?"

"न्हाई. म्याच सांगतो."

तो बाहेर गेला आणि भरल्या ओसरीत म्हणाला, "आये, सुपारी न्हाई फोडायची. खोट माज्यात हाय." म्हातारी एकदा मेंढ्याकडे बघे, एकदा लेकाकडे. सुनेच्या तोंडातला पदर सुटला. एवढी छाती मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

मंडळी गेल्यावर साडूंची थोरली बहीण, आक्का, चहा घेऊन आल्या. आक्कांना वांझ म्हणून सासरच्यांनी परत पाठवलं होतं. मागाहून नवऱ्याने दुसरी केली, तिसरी केली, पाळणा कुणाचाच हलला नाही. तेव्हा कुठे साडूंनी हे यंत्र आणलं होतं.

"बघू का रे मी?" आक्कांनी विचारलं. त्यांनी त्या गड्याच्या काचेवर डोळा लावला.

"काहीच नाही की."

"नाही," साडू म्हणाले.

"मी सोळा वर्षं सोमवार केले," असं म्हणून त्यांनी यंत्रावर दुपटं घातलं, कडा नीट खोचल्या आणि रिकामे कप घेऊन आत गेल्या. ते दुपटं त्यांनीच सासरी असताना शिवलं होतं, हे मला त्या रात्री बायकोकडून कळलं.