अक्का आणि हिऱ्याची पूड

मिरजेहून सुटलेली पॅसेंजर हुबळीला पोचेपर्यंत अंग आंबून गेलं होतं. नव्वदीचं दशक संपत आलेलं. बॅगेत कृत्रिम हिऱ्यांच्या पुडीची बाटली. धारवाडजवळ बेलूरच्या एका कारखान्यात नमुना दाखवायचा होता. ऑर्डर मिळाली नाही तर नोकरी जाणार, हे साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. बायको, सुमन, जाऊन वर्ष होत आलेलं. नोकरीचंही फारसं काही वाटत नव्हतं.

मुक्काम देशपांडे नगरात, थोरल्या बहिणीकडे. अक्कानं जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णेगायी (भरली वांगी) वाढली. मी अर्धीच भाकरी खाल्ली.

"तम्मा (धाकट्या), बॅगेत काय आणलंयस?"

"हिऱ्याची पूड. तुझ्या कुड्यांतले हिरे जमिनीखाली शंभर-दीडशे किलोमीटरवर, दाबात नि उष्णतेत तयार झाले. कोट्यवधी वर्षं तिथं पडून होते, मग ज्वालामुखीनं वर आणले. हे यंत्रात होतात. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट वितळत्या धातूसोबत तसंच दाबायचं, तापवायचं. काही मिनिटांत बारीक हिरे. कठीण हत्यारांना धार लावायला लागतात."

"म्हणजे खरेच हिरे?"

"अगदी खरे."

अक्कानं बॅगेकडे एकदा पाहिलं. मी जाऊन आडवा झालो.

सकाळी बाटली गायब. अंथरूण झटकलं, बॅग उपडी केली. बसची वेळ टळत चालली तसा मी अक्कावरच ओरडलो. ती देवघराच्या दारात उभी, डोळे लाल.

"मी लपवलीय. हिऱ्याची पूड पोटात गेली की माणूस संपतो, मला ठाऊक नाही होय? सुमन गेल्यापासून तू हसत नाहीस, धड जेवत नाहीस. आणि हे घेऊन दारात आलास."

"अगं, ती जुनी समजूत आहे. खोटी."

"असू दे. मी पण येते."

बाटली पदरात बांधून ती बसमध्ये बसली. कारखान्यात इंजिनिअरनं विचारलं, "इवरु यारु (ह्या कोण)?"

"आमच्या अक्का."

त्यानं पूड बशीत ओतून घेतली, तेव्हा अक्कानं बाटली उपडी करून तिचा तळ ठोकून पाहिला. इंजिनिअर हसला. मला लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

मिरजेच्या गाडीत बसलो तेव्हा ऑर्डरचं अजून ठरलेलं नव्हतं, पण त्याची काळजी करायचंही त्राण नव्हतं. जीव द्यायचं मनात कधी आलंच नाही, असं मी अक्काला शपथेवर सांगून निघालो होतो. ते खोटं होतं. मिरजेला उतरल्यावर एसटीडी बूथ गाठला आणि तिला फोनवर खरं ते सांगितलं.

"कळलं होतं मला," अक्का म्हणाली. "शनिवारी ये. अख्खी भाकरी खायची."