पाय लागला की

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटी शिकवतो. मोबाईलवर परदेशातलं फुटबॉल बघून बघून माझं एक मत पक्कं झालं होतं, आणि स्टाफरूममध्ये समोरच्याचा चहा गार होईपर्यंत मी ते ऐकवायचो. माणसं घरात वागतात तशीच मैदानात खेळतात. कुठल्या देशाची पोरं वरातीत असल्यासारखी बॉल घेऊन नाचतात, कुठली घड्याळ लावून पळतात, कुठली नुसता आपला उंबरा राखत बसतात. आणि आपण? आपण वाकतो.

हे वाकणं मला एका पोरीमुळं दिसलं. नववीत होती. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ही चुलत्याकडं राहून शाळा करायची. मुलींच्या टीममध्ये तिच्याइतकं पळणारं कुणी नव्हतं. समोरच्या पोरीच्या पायातून बॉल अलगद काढायची आणि तिथंच थांबायची. वाकून त्या पोरीच्या पायाला हात लावायचा, तो हात स्वतःच्या छातीला लावायचा, मग पुढं. तोवर बॉल दुसऱ्याच कुणीतरी नेलेला असायचा.

"काय गं हे? देवळात आलीयेस का?"

"पाय लागला ना, सर."

"फुटबॉल आहे हा! पाय नाही तर काय लागणार?"

"कळतंय सर. पन हात आपोआप जातोय."

तशा सगळ्याच वाकायच्या. माणसाला, पुस्तकाला, ताटाला पाय लागला की नमस्कार, हे पोर चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. बाकीच्यांना मी काही बोललो नाही, कारण त्यांच्याकडून मला काही मिळणार नव्हतं. हिच्याकडून मिळणार होतं. नगरला क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती आणि माझ्या हाताखालची एकही पोरगी आजवर तिथं लागली नव्हती. तिची आई शाळेत येऊन सांगून गेली होती, "निवड झाली तर शिकू द्या तिला, सर. न्हाई झाली तर यंदा आमच्यासंगं येईल. कोयता धरायजोगी झालीय आता."

मग मी तिची सवय मोडायला घेतली. तिची चुलत बहीण आमची गोलकीपर होती, तिलाच समोर उभं केलं. बहिणीच्या नडगीवर लाथ घाल आणि बॉल घेऊन पळ, असं हिला म्हणालो. हात खाली गेला की परत पहिल्यापासून. "शिट्टी वाजली नाही, खेळ!" असं मी लांबून ओरडायचो. पहिल्या दिवशी दोघी रडल्या. तिसऱ्या दिवशी फक्त बहीण रडत होती. चौथ्या दिवशी हिचा हात हललाच नाही. मी खूश होऊन दोघींना केळी आणली. बहीण केळं मांडीवर ठेवून नडगी चोळत बसली.

आठवड्यानं आई परत आली. "सर, काल आज्याच्या ताटाला पाय लागला तिचा. तशीच गेली पुढं. म्हातारा उपाशी उठला." मला इतका आनंद झाला की मी तिच्यासमोरच हसलो.

चाचणीच्या मॅचमध्ये तिचा पाय एका पोरीच्या घोट्यावर बसला. ती पोरगी किंचाळून आडवी झाली. शिट्टी वाजली नाही. ही तिच्यावरून उडी मारून गेली, गोल केला आणि थेट माझ्याकडं बघितलं. मी टाळ्या वाजवल्या.

मॅच संपल्यावर निवड समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "खेळ उत्तम आहे हो. पण ती पोरगी पडली तर हिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. आपल्यात हे शोभत नाही. एवढ्या पोरींत हिला ठेवायचं कसं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "खूप समजावलं, सर. ऐकतच नाही. मुळातच दगड आहे पोरगी."

शाळेचे बूट परत द्यायला ती माझ्या मागंच उभी होती. येताना जीपमध्ये तिनं ते बूट माझ्या शेजारी ठेवले आणि पाथर्डीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. दिवाळीनंतर ती वर्गात दिसली नाही. मला लाज वाटली, पण कुणाजवळ कबूल करण्याइतकी नाही.

त्याला आता पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात पाथर्डीच्या स्टँडवर एसटीत चढायला झुंबड उडाली होती. माझा बूट कुणाच्या तरी पायावर जोरात पडला आणि माझा हात आपोआप खाली गेला. साध्या चपलेतलं भेगाळलेलं पाऊल होतं. वाकल्या वाकल्याच वर बघितलं, तर ती. कडेवर मूल.

तिनं पाऊल मागं घेतलं.

"शिट्टी न्हाई वाजली, सर. खेळा," ती म्हणाली, आणि मला ओलांडून गाडीत चढली.