मामाचा निसर्गाचा कायदा

माझा मामा, धनेश घरत, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे. धर्म, नीती आणि निसर्गाचा कायदा यांवर त्याचं जाडजूड पुस्तक आहे. सरकारं येतात-जातात, पण खरा न्याय माणसाच्या मनातच असतो, तो कुणी कागदावर लिहून द्यावा लागत नाही, असं त्याचं म्हणणं. हे तो सभेत सांगतो, लग्नात सांगतो, बाराव्याच्या पंगतीतसुद्धा सांगतो. त्याचा आवाज ऐकला तरी माझं डोकं उठतं.

माझी आई, राजाबाई, त्याची थोरली बहीण. मामाला पनवेलला शिकायला ठेवलं तेव्हा तिची शाळा सोडवून तिला मिठागरावर धाडलं. तरी पुस्तकाच्या प्रकाशनाला ही बाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत.

आजोबांची शेती सरकारनं घेतली, बदल्यात उलव्यात प्लॉट मिळाला. आजोबा गेल्यावर त्यात आईचाही वाटा आला. बाबांच्या मागे आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो, त्यामुळे आईच्या डोक्यावर छप्पर यायचं तर त्या वाट्यातूनच. पण आमच्याकडे अशा वेळी भाऊ साडी घेऊन येतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. नाही केली तर तिचं माहेर तुटतं.

मामा आला. साडी जरीची होती. चहा घेता घेता व्याख्यान सुरू झालं. मुलीला वाटा देणारा कायदा माणसानं केलेला. बहिणीनं माहेरचं भलं बघावं हा त्याच्याही आधीचा, निसर्गाचा. इतका निर्लज्जपणा मी तरी कधी पाहिला नव्हता. आई मात्र पेन हातात धरून ऐकत होती. आता ही सही करणार, असंच मला वाटलं.

तिनं पेन खाली ठेवलं.

"धन्या, तुजा कायदा निसर्गाचा हाय ना? मंग त्याला माजी सई कशाला पायजे?"

मामा धर्माकडे वळला, नीतीकडे वळला, आणि शेवटी सगळी पुस्तकी भाषा सुटून गावच्या बोलीवर आला.

"सई नाय केलीस, त माज्या दारान पाय ठेवायचा नाय."

आईनं 'बरं' म्हणून मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण पेनाला तिनं हात लावला नाही.

मामानं कागद घडी करून पिशवीत घातला. मग साडी उचलली आणि तीही त्याच पिशवीत घातली.