विहिरीवर मागितलेलं पाणी

त्या हंगामात अमरावतीच्या आमच्या घरात सगळ्यावर कापसाचं तूस बसलेलं असे. वरणावर, उशीवर, वडिलांच्या मिशांत. वडील कापसाच्या एका विलायती पेढीत कारकून होते. आम्ही मूळचे वसईकडचे ख्रिस्ती. मुंबईला सिस्टरांच्या शाळेत इंग्रजी शिकून मी घरी परतले होते, आणि वसईचंच एक स्थळ माझ्यासाठी आलं होतं. मला सिस्टरांकडे परत जायचं होतं, त्यांच्यातलीच एक व्हायला. पण ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी एकूणच कमी बोलत असे. उपवासकाळाआधी फादर अकोल्याहून मिस्सेच्या प्रार्थनेला येतील तेव्हा त्यांच्यासमोर होकार द्यायचा, असं आईने ठरवून टाकलं होतं.

घरामागे पेढीचं आवार होतं. तिथे बाया दिवसभर चरक्यावर कापसातली सरकी काढत. त्यांतली एक म्हातारी खोकून खोकून अंथरुणाला लागली. तिची माणसं कापसाच्या गाड्यांबरोबर गेलेली. ती कुडाच्या आडोशाला एकटीच पडून असे. तिचं मडकं कोरडं दिसलं म्हणून मी काही न बोलता घरून पाणी आणलं आणि त्यात ओतलं.

ती तापातही उठून बसली.

"काहून भरलं वं? तुह्या घरचं पानी हाये ना थे?"

मी मान डोलावली.

"बाटवलं माह्यं मडकं." तहानेने ओठ फुटलेले असतानाही तिने ते आडवं करून पाणी सांडलं. "आता तूच फोड."

मी फोडलं. तहानलेल्याला पाणी द्यावं, हे मला शाळेत शिकवलं होतं. तहानलेलीने नको म्हटलं तर काय करावं, ते शिकवलं नव्हतं.

नवं मडकं कुंभाराने तिच्यापाशी आणून ठेवलं, पण त्याला माझा हात लागून चालणार नव्हतं. मग एकच उरलं. विहिरीपासून दूर उभं राहायचं आणि तिच्या जातीची बाई आली की तिला विनवायचं. पहिल्या दिवशी चार बाया येऊन गेल्या तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

"पादऱ्याच्या धर्माची पोरगी मुकी हाये का वं?" नंतर आलेल्या बायांतली एक म्हणाली.

"मुकी नाही, सायबीन हाये. आपल्याशी काहून बोलंन?"

सगळ्या हसल्या. मी कसंबसं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर एकीने घागर उचलली आणि पुटपुटत माझ्यामागून आली.

रोज हेच. रोज नवी बाई, रोज तेच हसणं. म्हातारीबद्दल मला फार कणव येई असं म्हणवत नाही. तिच्या अंगाला वास येई, ती कधी धड बोलत नसे, आणि बहुतेक दिवस मला नुसता कंटाळा येई. उन्हात उभं राहून पाय भरून येत. एक दिवस मी गेलेच नाही. डोकं दुखतंय असं आईला सांगून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"काल कुठी मेली होती वं? मी वाट पाहून राहिली होती."

मी विहिरीकडे गेले. त्या दिवशी पहिल्याच बाईला हाक मारली.

फादर आले ते गाडीच्या धक्क्यांनी शिणून. मिस्सा झाली, आईने ताट वाढलं आणि म्हणाली, "हिचं ठरलंय, फादर. वसईला होकार कळवायचा आहे."

"तिला विचारलंत का?" फादर जेवता जेवता म्हणाले.

"ती काय बोलणार?"

"मला लग्न करायचं नाही," मी म्हणाले. "मला सिस्टरांकडे जायचंय."

आवाज फारच मोठा निघाला, विहिरीवर लागे तेवढा. आईच्या हातातला डाव तसाच राहिला. वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फादरांकडे.

"देवाने बोलावलं, असं वाटतं तुला?" फादरांनी विचारलं.

असं काही ऐकू आलं नव्हतं. मी फार दमले होते आणि ऊन चढत होतं.

"बस इथे," वडील म्हणाले. "नीट बोलू."

"आल्यावर बसते," मी म्हणाले. म्हातारीचं मडकं अजून भरायचं होतं.